सकाळी गाडी सुरू होईना? आधी तपासा, मग पार्ट बदला

१०-१५ वर्षे जुनी पेट्रोल कार सकाळी चार-पाचदा सेल मारल्यावर सुरू होते आणि सिग्नलला थरथरते. मग अनेकदा आधी प्लग, नंतर बॅटरी, नंतर फ्युएल पंप बदलला जातो. बिल वाढते, थरथर तशीच.

खरे तर लक्षणेच बरेच सांगतात. इंजिन सुस्त फिरते? बॅटरी मोजा; बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट हवेत. जोरात फिरूनही सुरू होत नाही? चावी ऑन केल्यावर मागच्या सीटकडून पंपाची एक-दोन सेकंद घरघर येते का, ऐका. नसेल तर पंपाआधी फ्यूज आणि रिले बघा, ते स्वस्त असतात.

थरथर रेस दिल्यावर जात असेल तर तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपवर संशय घ्या. त्यातून जादा हवा शिरते आणि आयडलिंगला मिश्रण बिघडते. काजळलेली थ्रॉटल बॉडीही हाच त्रास देते. फक्त थंड इंजिनच अडत असेल, तर कूलंटचा टेंपरेचर सेन्सर तपासून घ्या. तो इंजिन गरम असल्याचे खोटेच सांगत असेल, तर सुरुवातीला लागणारे जादा पेट्रोल मिळत नाही. स्कॅनरवर कोड दिसला नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही, हे मेकॅनिकला जरूर सांगा.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर मात्र सेल मारणे लगेच थांबवा.