गिऱ्हाइकाला लिहावे तरी काय?

सुरतच्या उधन्यात माझ्या भाच्याचे साड्यांचे दुकान आहे. आपल्या सीमाभागातल्या गिऱ्हाइकांना तो व्हॉट्सअ‍ॅपवर रोज 'धमाका! आजच घ्या' असे पाठवतो. "मामा, कुणी वाचतच नाही हो," परवा फोनवर म्हणाला. खरे सांगायचे तर मीही वाचत नाही!

त्याला किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा 'लोखंडाने जमीन विषारी होते' ही शेतकऱ्यांची भीती आधी घालवावी लागली. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली, तीही कारखान्याच्या मालाची माहिती द्यायलाच. पण इतर वाचनीय मजकूर वाढत गेला आणि त्या पत्रकाचे नावाजलेले मासिक झाले.

"तुझ्या गिऱ्हाइकाची भीती कोणती?" तो जरा घुटमळला. निपाणीच्या एका आजींनी विचारले होते, 'इदु खरे इळकल एनु?' याने उत्तरच दिले नव्हते. साडी पॉलिस्टरची, काठ तेवढा इरकली. वर चिठ्ठी 'आर्ट सिल्क'! यातले 'आर्ट' म्हणजे कला नव्हे, कृत्रिम, हे किती जणींना ठाऊक असते?

"हेच लिही. खऱ्या इरकलीत पदराचा ताणा अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात, तुझ्या साडीत तसे नाही. पण ती रोज नेसायला, घरी धुवायला सोपी."

"विक्री बसेल की, मामा!"

"थोडी बसेलही."

काल त्याचा मजकूर आला, मराठीत आणि मोडक्या कानडीत. आजींचे उत्तर अजून नाही. आमच्या सौ.नी मात्र एक साडी मागवली, पॉलिस्टरची आहे हे वाचून.