लाटेचा फोटो, कठड्यामागून

पावसाळ्यातला रविवार आला की पोरे ‘वांद्र्याला चला’ म्हणून मागे लागतात. तेथे तिकीट नाही, भाजलेल्या कणसावर सहल भागते. आमची धाकटी लेक बँडस्टँडला मोबाईल घेऊन दर खेपेस म्हणे, “बाबा, जरा खाली खडकावर उभे राहा ना.” मी काही उतरलो नाही.

ओहोटीला तेथला काळा कातळ दूरवर उघडा पडतो, माणसे चालत आत जातात. भरतीचे पाणी मात्र समोरूनच येते असे नाही. ते खडकांमधल्या घळींतून शिरते आणि मागची वाट आधी बुडवते. त्यात शेवाळ. शिवाय लाटा सारख्या नसतात. बऱ्याच लहान येतात, आपण निर्धास्त होतो, मग दोन-चार मोठ्या ओळीने येतात. जानेवारी २०१६ मध्ये येथेच सेल्फी काढताना मुली पाण्यात पडल्या. एका माणसाने उडी घेऊन दोघींना वाचवले. तिसरीसाठी गेला तो परतलाच नाही. जुलै २०२३ मध्ये खडकावर बसलेल्या एका आईला लाटेने ओढून नेले. त्या चित्रणात लेकरांच्या हाका ऐकू येतात. मला ते पुरते पाहवले नाही.

मग फोटो काढायचाच नाही का? जरूर काढावा, पण रस्त्याच्या कठड्यामागून. खाली गेले की खारे तुषार भिंगावर बसून चित्र धूसर होते. वरून खडक, लाट आणि आभाळ तिन्ही मिळतात. आधी पाव तास नुसते पाहावे, लाट कोठे फुटते ते कळते. मोबाईल कठड्यावर टेकवावा, एकामागून एक फोटो घ्यावेत, त्यातला एखादा साधतो. फेस फार पांढरा उमटत असेल तर पडद्यावर फेसावर बोट ठेवून उजेड कमी करावा. कॅमेरा असेल तर शटर १/१००० सेकंदाला थेंब न् थेंब थिजतो. घरी आल्यावर भिंग कोरड्या फडक्याने घासू नये, मिठाने चरे पडतात. आधी गोड्या पाण्याचा ओला मऊ कपडा फिरवावा.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास! मागच्या रविवारी चार वाजता ज्या खडकावर तुम्ही कोरड्या पायांनी फिरलात, तेथे या रविवारी चार वाजता समुद्र असतो.