हाडांची उपासमार

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाचा बालाघाट जिल्हा आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच तो मोडत असे. वैनगंगा तिथूनच भंडाऱ्याकडे उतरते आणि सीमेलगतच्या गावांतून मराठी आजही कानी पडते. मुलूख आपल्यासारखाच भातखाऊ. तेथील चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०२१ स्त्रिया आहेत. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया चिखलात वाकून भाताची रोवणी करतात, रानातून डोईवर मोळ्या आणतात. त्यांना व्यायाम नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

मग त्यांची हाडे पोलादी असावयास हवीत. वास्तव तसे नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हाड म्हणजे निर्जीव खुंटी नव्हे. ते आयुष्यभर झिजत आणि नव्याने घडत असते. ज्या दिशेने त्यावर भार पडतो त्या दिशेने ते बळकट होते, हा सिद्धान्त बर्लिनच्या युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. भार नाहीसा झाला की काय होते, हे अंतराळवीरांनी दाखवून दिले. तिथे त्यांच्या कंबरेची हाडे दरमहा सुमारे एक टक्क्याने विरळ होतात. परंतु भार हा केवळ गवंड्याला दिलेला हुकूम आहे. चुना आणि विटा, म्हणजे कॅल्शियम व प्रथिने, अन्नातूनच यावी लागतात. पुरुषांना आणि स्त्रियांना रोज हजार मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरविले. शंभर ग्रॅम सडलेल्या तांदळातून मिळते जेमतेम दहा मिलिग्रॅम!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. वीणा शत्रुघ्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्प उत्पन्न गटातील, तीस ते साठ वयाच्या स्त्रियांची हाडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की सुमारे तीस टक्के स्त्रियांचे खुब्याचे हाड ठिसूळ झाले होते. तीसचाळीस हे काही हाडे ठिसूळ होण्याचे वय नव्हे. राबणाऱ्या देहाला अन्न नसेल तर श्रम हाडांना घडवीत नाहीत, उलट खर्ची घालतात.

बालाघाटला लागूनच मंडला जिल्हा आहे. तेथील तिलईपानीसारख्या गावांत नव्वदीच्या दशकात गुडघे आत वळलेली मुले आढळली. हातपंपाच्या पाण्यातील फ्लोराइड हे मूळ कारण. पण कॅल्शियमशून्य आहारामुळे ते विष अधिक बाधले. जबलपूरच्या आदिवासी आरोग्य संशोधन केंद्राचे डॉ. तापस चकमा यांनी मध्य प्रदेशातील अशा गावांतून दोन उपाय एकत्र योजले. एक शुद्ध पाणी, आणि दुसरा चकोड्याची भाजी. हा चकोडा म्हणजे दुसरेतिसरे काही नसून पहिल्या पावसाबरोबर आपल्या कुंपणाशी उगवणारा तायकिळा, कोकणातला टाकळा! प्रयोगशाळेने शोधून काढलेले औषध आपण पायदळी तुडवीत चाललो आहोत.

कारण आपली कथा नेमकी उलट आहे. आपल्याकडे अन्न आहे, श्रम संपले. विहिरीचे पाणी ओढणे गेले, बाजाराला चालत जाणे गेले, दोन घरांपलीकडे जावयाचे तरी स्कूटर निघते. अन्नातूनही नाचणी हद्दपार झाली. जिच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, ती नाचणी गरिबाची म्हणून आपण टाकली. भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष २०२३ मध्ये साजरे झाले, तेव्हा तीच चकचकीत वेष्टनातून चढ्या दराने परत आली, हा भाग निराळा. काट्यासकट चावून खाण्याजोगी बारीक मासळी मागे पडली आणि ताटात काटे काढलेले तुकडे आले. मोतयाळीचा काटा टाकून देणारी पिढी पुढे कॅल्शियमच्या गोळ्या विकत घेते. सूर्य बाराही महिने डोक्यावर असून ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव घरोघर आढळते, ती सावलीतल्या दिनक्रमापायी.

हाडांची ही पुंजी प्रामुख्याने वयाच्या तिशीपर्यंत जमते. पुढे ती राखावयाची असते आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांची ती झपाट्याने घटते. साठीतल्या आजी न्हाणीघरात घसरून पडतात, खुबा मोडतो, आणि सारे घर ओल्या लादीला दोष देते. तो अस्थिभंग पन्नास वर्षांपूर्वी, त्या मुलीच्या ताटात आणि शाळेच्या मैदानावरच सुरू झालेला असतो.

म्हणूनच मध्य प्रदेश शासनाने २०१५ मध्ये अंगणवाडीतील अंड्याचा प्रस्ताव फेटाळला, तो निर्णय आम्हाला पटलेला नाही. ज्यांना वर्ज्य आहे त्यांना दूध द्यावे. ज्यांना चालते त्या आदिवासी बालकांच्या ताटावर दुसऱ्याच्या सोवळ्याचा अंमल का? आपल्याकडेही मागावयाचे ते फार नाही. शाळेतील आहारात आठवड्यातून दोनदा नाचणी यावी, आणि खेळाचा तास गणिताच्या उरलेल्या धड्यांसाठी उसना घेण्याची प्रथा शिक्षण खात्याने लेखी आदेश काढून बंद करावी. मुलींच्या बाबतीत तर विशेषच. वयात येताच त्यांना मैदानावरून घरी बोलावले जाते, आणि हाडे भरण्याची खरी वर्षे नेमकी तीच असतात.