लव्हाळ्याला निरोप, हरळीला आवतण

यावेळच्या टपालात अंगणाविषयीचे एक पत्र आहे. ते वाचून बऱ्याच जणींना वाटेल, अगं बाई, ही तर आपल्याच घरची गोष्ट! पत्र लिहिणाऱ्या ताई तालुक्याच्या गावी, नव्या कॉलनीत राहतात. घरापुढे वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद मोकळी जागा आहे. आधीच्या मालकांनी तिथे नर्सरीतून आणलेले मऊ, गालिच्यासारखे गवत लावले होते. पण नळाला पाणी एक दिवसाआड. ते नाजूक गवत हळूहळू विरळ झाले आणि मधल्या जागेत लव्हाळा माजला. नवा गालिचा घालायला माळ्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून यजमान म्हणाले, "त्यापेक्षा सगळा कोबा करून टाकू. कायमची कटकट मिटेल." ताई पुढे लिहितात, "मुलगी दोन वर्षांची आहे. तिला धडपडायला माती-गवत हवे असे मला वाटते. पण एवढा खर्च मागायला तोंड उघडत नाही. काय करू?"

ताई, कोबाही नको आणि विकतचा गालिचाही नको. तुमच्या अंगणाला हरळी पुरे. होय, तीच हरळी, जिच्या कोवळ्या तुऱ्यांना आपण दूर्वा म्हणतो. ती ऊन सोसते, तुडवणे सोसते. उन्हाळ्यात पाणी मिळाले नाही तर पिवळी पडते, पण मुळाशी जिवंत राहते आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा हिरवी होते. शिवाय ती फुकट मिळते. शेतकऱ्याला शेतातली हरळी म्हणजे डोकेदुखी. तो ती उपटून बांधावर टाकतो. मागितलीत तर पोतेभर आनंदाने देईल.

मात्र हरळी लावण्याआधी लव्हाळा काढलाच पाहिजे, आणि खरे काम तेच आहे. लव्हाळा ओळखायचा कसा? दांडा बोटांत धरून फिरवून पाहा. गवताचा दांडा गोल किंवा चपटा लागतो, लव्हाळ्याचा तीनधारी लागतो. वरून ओढला की पात हातात येते आणि गाठ मातीतच राहते. ह्या गाठी जमिनीखाली माळेतल्या मण्यांसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरचा शेंडा तोडला की गाठ पुन्हा फुटते. म्हणून नुसते उपटत बसल्याने तो हटत नाही. (उटण्यात घालतो तो नागरमोथा ह्याच कुळातला, बरं का! पण म्हणून त्याला अंगणात पोसायचे कारण नाही.)

त्याचा शत्रू एकच, वैशाखातले ऊन. गाठीतला ओलावा सुकला की ती मरते. तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीला अंगणाचे पाणी पूर्ण बंद करा. जुने गवत फावड्याने दोन इंच खरवडून काढा. मग सारी जागा नऊ इंच ते एक फूट खोल कुदळीने खणून घ्या. ढेकळे फोडा. हाताला लागतील तेवढ्या गाठी वेचून पाटीत टाका आणि तापलेल्या फरशीवर खडखडीत वाळू द्या. खतखड्ड्यात मुळीच टाकू नका, नाहीतर खताबरोबर त्याच पुन्हा अंगणात येतील. पुढे दर आठ दिवसांनी माती खालीवर करायची, म्हणजे तळच्या गाठींनाही ऊन लागेल. असे चार-पाच वेळा करावे.

मेअखेर एक युक्ती करा. माती सारखी करून एकदा भरपूर पाणी शिंपडा. ज्या गाठी वाचल्या असतील, त्या आठ-दहा दिवसांत फुटून वर येतील. आता त्या तुम्हाला दिसतात! खुरप्याने खालून उकरून गाठीसकट काढा. निम्मी लढाई इथेच जिंकली जाते.

तणनाशकाचे काय, असे विचारणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन शब्द. ज्या अंगणात लहान मूल रांगते-खेळते, तिथे ते नकोच. शिवाय तणनाशकांतल्या ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने 2022 साली निर्बंध घातले. कीडनियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांखेरीज इतरांनी ते वापरू नये, असा तो आदेश होता. तेव्हा दुकानदाराने बाटली पुढे केली तरी घेऊ नका.

आता हरळी आणायची. इथे एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा : गवत आणा, माती आणू नका. विकतच्या गालिच्याच्या मातीतून, ट्रॉलीभर मागवलेल्या गाळातून किंवा कच्च्या शेणखतातून तणाचे बी आणि लव्हाळ्याच्या गाठी घरात येतात. मग दोन महिन्यांची मेहनत पाण्यात! म्हणून हरळीच्या लांब, धावत्या काड्याच तेवढ्या घ्या. बादलीत दोनदा खळबळून धुवा. एखादी काळसर गाठ दिसली तर काढून टाका. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवल्या की त्या एक-दोन दिवस टवटवीत राहतात. तेवढ्यात लावून टाकाव्यात.

किती लागेल? तुमची जागा तीनशे चौरस फूट. गालिचा घालायचा तर तीनशे फूट गवत विकत घ्यावे लागते. काड्या टोचून लावल्या तर एक फूट दाट हरळीत दहा फूट जागा सहज होते. म्हणजे तीस फुटांतली हरळी पुरली, आणि तीही बांधावरची.

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की लावणी करावी. त्याआधी पूर्ण कुजलेले, चाळलेले शेणखत पाच-सहा पाट्या मातीत मिसळा. जमिनीला घराकडून फाटकाकडे किंचित उतार द्या, म्हणजे पाणी साचणार नाही. काड्यांचे दोन-तीन पेरांचे तुकडे करा. चार-चार बोटांवर खुरप्याच्या टोकाने भोक पाडून तुकडा तिरपा खोचा. एक-दोन पेरे मातीत आणि शेंडा बाहेर राहू द्या. मग वर लाकडी फळी ठेवून तिच्यावर उभे राहा, म्हणजे माती घट्ट बसेल. पावसाने ओढ दिली तर पहिले पंधरा दिवस झारीने पाणी द्या.

वाकून काम होत नसेल त्यांच्यासाठी दुसरी रीत आहे. हरळीचे बारीक तुकडे दोन पाट्या, अंगणातलीच माती एक पाटी, ताजे शेण एक पाटी आणि थोडी लाकडाची राख घ्या. पाणी घालून सारवणापेक्षा जरा दाट कालवा आणि ओल्या जमिनीवर इंचभर जाड थापा. वरून वाळका पालापाचोळा पसरा आणि ओल टिकवून धरा. अंकुर दिसू लागले की पाला अलगद काढावा. ही रीत आपल्याकडे बागकाम करणाऱ्यांना जुनीच माहीत आहे.

पहिला पावसाळा मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचा. दर पंधरा दिवसांनी संध्याकाळी खुरपे घेऊन फेरी मारा. चार-पाच पानांचा लव्हाळा दिसला की गाठीसकट काढा. तेवढ्या वयात त्याने नवी गाठ धरलेली नसते. जास्त वाढू दिलात तर एकाच्या दहा होतील. हरळी दाट झाली आणि तिची सावली जमिनीवर पडली की लव्हाळ्याचा जोर आपोआप ओसरतो. हरळी अडीच-तीन इंच वाढली की कात्रीने किंवा विळ्याने वरचा शेंडा छाटा. छाटल्याने ती आडवी पसरते.

दोन सूचना मात्र ध्यानात ठेवा. हरळी फार आगाऊ. तिला मोकळी सोडली तर गुलाबाच्या वाफ्यात शिरेल. म्हणून वाफ्याच्या कडेने विटा उभ्या गाडून घ्या. दुसरे म्हणजे, तिला दिवसाचे पाच-सहा तास ऊन लागते. आंब्याखाली किंवा भिंतीच्या गर्द सावलीत ती धरणार नाही. तिथे हट्ट न करता चार शहाबादी फरश्या टाका, बसायला जागा होईल.

आता यजमानांपुढे हिशेब ठेवा. खणायला एका गड्याची दोन-तीन दिवसांची मजुरी, पाच-सहा पाट्या शेणखत आणि थोड्या विटा. बाकी सारे आपले हात आणि वैशाखाचे ऊन. कोब्याचा खर्च विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी मांडा. हेही सांगा की कोबा दुपारी तापतो आणि त्याची धग रात्रीपर्यंत घरात येते. कोब्यावरचे पावसाचे पाणी गटारात जाते, मातीवरचे जमिनीत मुरते. कॉलनीत बोअर असेल तर हा मुद्दा त्यांना नक्की पटेल.

आणि ताई, खर्च मागायला तोंड उघडत नाही असे लिहिलेत, म्हणून मुद्दाम सांगते. आपण मागतो ती चैन नव्हे. लेकीच्या पायाखालची जमीन हा घरखर्चच आहे, किराण्याइतकाच. नीट आकडे मांडून बोललात तर मागितल्यासारखे वाटणारही नाही.

जूनमध्ये लावलीत तर भाद्रपदापर्यंत अंगण बऱ्यापैकी भरेल. गणपतीच्या एकवीस दूर्वा यंदा विकत आणाव्या लागणार नाहीत. लेकीला सोबत घेऊन घरच्याच खुडा.