थ्रेड : खटक्याच्या चाकूला धार कोणी लावायची?

शस्त्रबंदीच्या कायद्यांवर पुष्कळ लिहिले जाते. बंदी घातलेल्या वस्तूची दुरुस्ती कोणी करायची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आजचा थ्रेड त्याच प्रश्नावर आणि अमेरिकेतील खटक्याच्या चाकूवर.

बटण दाबताच आतल्या स्प्रिंगच्या जोराने पाते बाहेर येते, तो हा चाकू. (अनेकांना हिंदी चित्रपटांतला रामपुरी आठवेल, त्याची कथा निराळी, पुन्हा केव्हातरी.) एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जॉर्ज श्रेड यांनी अशा चाकूचे पेटंट घेतले, तेव्हा तो साधा खिशातला, कामाचा चाकू होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने छत्रीधारी सैनिकांना एम-२ नावाचा असाच चाकू दिला. तो डगल्याच्या गळ्याजवळील खास खिशात राहत असे. सैनिक झाडावर लटकला आणि एकच हात मोकळा राहिला, तर दोऱ्या कापता याव्यात, एवढाच त्याचा हेतू.

मग काळ पालटला. १९५० मध्ये एका महिला मासिकाने हा चाकू म्हणजे जीव घेणारे खेळणे असल्याचे लिहिले. पुढे चित्रपट व नाटकांनी तो उनाड तरुणांच्या हाती दाखविला. १२ ऑगस्ट १९५८ रोजी कायदा झाला. आयात आणि आंतरराज्य व्यापार बंद. शिक्षा २००० डॉलरपर्यंत दंड, ५ वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. टपालाने तो पाठविता येतो केवळ सैन्याच्या वा सरकारच्या खरेदीसाठी. एकच हात असलेल्या माणसाला मात्र ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा चाकू जवळ बाळगण्याची सवलत आहे. म्हणजे एकहाती माणसाची अडचण कायदेकर्त्यांना उमगली होती!

आता आजोबांचा एम-२ वारशाने मिळालेल्या नातवाचा विचार करा. अनेक राज्यांत तो घरी ठेवणे गुन्हा नाही. पण स्प्रिंग थकते, बिजागरीत जुने तेल आणि धूळ साचून पाते अर्ध्यावर अडते. धार लावायची तर जाणता कारागीर हवा. फिरत्या पट्ट्यावर पाते तापले की पोलादाचे पाणी उतरते आणि घासणीची बारीक कीस खटक्यात शिरते. असा कारागीर दुसऱ्या राज्यात असेल, तर टपालाचा मार्ग बंद. ब्रिटनमध्ये तर १९५९ च्या कायद्याने असा चाकू विकणेच नव्हे, उसना वा नुसता देणेही गुन्हा ठरले. कारागिराने मालकाच्या हाती परत ठेवलेला चाकू 'दिला' म्हणायचा का?

कोणी म्हणेल, निकामी चाकू हाच सुरक्षित चाकू. हे म्हणणे मला पटत नाही. दुरुस्त होऊन मालकाकडेच परतलेल्या चाकूने रस्त्यावरच्या चाकूंत एकाचीही भर पडत नाही. हरवते ती कारागिरी. शिवाय १९६८ च्या अमेरिकी बंदूक नियंत्रण कायद्याने परवानाधारकाला, ज्याच्याकडून बंदूक आली त्यालाच ती दुरुस्तीनंतर परत पाठविण्याची मुभा स्पष्ट दिली आहे. बंदुकीसाठी सुचलेले हे एक वाक्य चाकूच्या कायद्यात आजही नाही. २००९ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली खरी, पण ती हाताने ढकलल्यावर स्प्रिंगच्या साह्याने उघडणाऱ्या चाकूंना वगळण्यापुरती.