रान राखणाऱ्याचा वाटा

मुधोळ म्हटले की मराठी वाचकाला घोरपड्यांचे कर्नाटकातील संस्थान आणि तेथील शिकारी कुत्री आठवतात. गोदावरीच्या परिसरात आणखी एक मुधोळ आहे, ते फारसे कोणाच्या ध्यानी नसते. १९५६ पर्यंत ते नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. भाषावार राज्यरचनेत ते आदिलाबादला जोडले गेले आणि २०१६ पासून तेलंगणातील निर्मळ जिल्ह्यात मोडते. राज्य बदलले तरी अनेक घरांतून मराठी गेली नाही. जवळच बासरची सरस्वती आणि तिच्या पायथ्याशी श्रीरामसागर धरणाचा फुगवटा. या धरणाची मूळ साठवण ११२ टीएमसी होती. १९९४ च्या मोजणीत ती सुमारे ९० वर आल्याचे आढळले. मधले पाणी कोठे गेले? त्याची जागा गाळाने घेतली. गोदावरीचे वरचे पाणलोट मराठवाड्याचे, आणि महाराष्ट्रात सर्वांत कमी वन आहे तेही मराठवाड्यातच. डोंगर उघडा पडला की त्याची माती धरणात येऊन बसते, हे सांगायला पंडिताची गरज नाही.

जंगल म्हणजे केवळ लाकूड नव्हे, पाणी, माती आणि हवा यांची ती राखण आहे, ही गोष्ट आता सरकारी कागदांवरही आली आहे. परंतु ही राखण करतो कोण आणि तिचे मोल मिळते कोणाला, या प्रश्नापाशी सारे कागद मुके होतात.

याच आदिलाबादच्या रानात कुमरम भीम यांनी ‘जल, जंगल, जमीन’ अशी हाक दिली आणि १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांशी लढताना त्यांनी देह ठेवला. निजाम गेला, वनखात्याचा दंडा राहिला. १९९० मध्ये केंद्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण आणले आणि आंध्रात गावोगावी वनसंरक्षण समित्या निघाल्या. आदिलाबादच्या काही गावांनी मनापासून रान राखले. तथापि समितीचे बँक खाते गावाच्या अध्यक्षाबरोबर वनाधिकाऱ्याच्याही सहीने चाले. योजनेचा पैसा होता तोवर समित्या हलल्या. तो आटला तेव्हा पुष्कळशा कागदावरच उरल्या. राखण गावाची आणि मालकी खात्याची, असा हा संसार होता. तो किती दिवस टिकणार?

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे नाते पालटले. राखण्याचा व व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेचा, असे त्याने स्पष्ट सांगितले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना मिळवायला गावाला २०११ पर्यंत झगडावे लागले. अखेर केंद्रीय मंत्र्यांना गावात यावे लागले. त्यानंतर बांबू गावाने विकला आणि पैसा गावाच्या खात्यात आला. जेथे सर्वसंमतीने निर्णय होतात तेथे कुऱ्हाड आपोआप जपून पडते. उलट आंध्रात सामूहिक हक्काची पत्रे पुष्कळ ठिकाणी ग्रामसभेऐवजी जुन्या वनसमित्यांच्याच नावे निघाली. कायदा नवा, वहिवाट जुनी!

आता पैशाकडे पाहू. वनजमीन खाणीला वा धरणाला दिली की तिच्या सेवांचे मोल लावून रक्कम भरून घ्यावी, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी घातला. त्या निधीतून २०१९ मध्ये ४७,४३६ कोटी रुपये राज्यांना मिळाले. ज्यांच्या गावचे रान गेले त्यांचा त्या पैशावर ठोस हक्क मात्र नाही. बहुतांश खर्च वनखात्याच्या रोपवाटिकांतून जातो. वित्त आयोगाचेही तसेच. चौदाव्या आयोगाने करवाटपात वनक्षेत्राला साडेसात टक्के भार दिला, पंधराव्याने तो दहा टक्के केला. म्हणजे वन राखल्याबद्दल राज्याला पैसा मिळतो. मग राज्याने हाच न्याय गावाला का लावू नये?

आमची सूचना याहून अवघड नाही. केंद्राकडून वनासाठी मिळणाऱ्या वाट्याचा ठरावीक भाग वन राखणाऱ्या ग्रामसभांच्या खात्यात थेट जावा. ज्या शहराला रानातले पाणी जाते त्याच्या पाणीपट्टीतून अल्प रक्कम उगमाच्या गावाला मिळावी. हिमाचलातील पालमपूर नगरपरिषदेने २०१० मध्ये बोहल झऱ्याच्या पाणलोटातील गावांशी असाच करार केला. रक्कम फारच लहान, परंतु तत्त्व मोठे. कोस्टारिकाने तर १९९६ च्या वनकायद्याने इंधनावरील करातून वनधारकांना मोबदला देणे सुरू केले.

गावाच्या हाती पैसा दिला तर गावगुंड तो खातील, असे कोणी म्हणेल. भीती अगदीच खोटी नाही. पण कुंपणानेच शेत खाल्ल्याची उदाहरणे खात्याच्या दप्तरातही कमी नाहीत. उपाय हक्क रोखणे हा नव्हे. हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवणे आणि वनाची दरवर्षी पाहणी करणे, हा आहे.

हा प्रश्न दूरच्या मुधोळचा आहे असे गोमंतकाने समजू नये. पणजीकर ओप्याचे पाणी पितो. ते खांडेपार नदीतून, मोलेच्या रानांतून येते. साळावलीचे पाणी सांग्याच्या डोंगरांचे. गोव्यातही वनहक्काचे हजारो दावे वर्षानुवर्षे रेंगाळले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई परिसर व्याघ्र प्रकल्प जाहीर करण्याचा आदेश दिला, तेव्हा रहिवाशांचे हक्क वर्षभरात निश्चित करण्यासही बजावले. राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. पण आदेशातील ती जोडी विसरता येत नाही. वाघ आणि गावकरी यांना एकमेकांचे वैरी ठरवून दोघांनाही वाऱ्यावर सोडणे सोपे असते; हक्क देऊन राखण मागणे हेच शहाणपणाचे.

नळ उघडला की पाणी येते, म्हणून त्यामागचे रान आपल्याला दिसत नाही. ते राखणाऱ्याला दोन वेळची चूल पेटवण्याइतका वाटा देणे हे दान नाही. ते थकलेले देणे आहे, आणि देणे फेडायला मुहूर्त पाहायचा नसतो.