वयातले अंतर आणि समीक्षेचे सोवळे

मराठी समीक्षेला प्रेमकथेचे वावडे नाही. मात्र ती दुःखान्त असावी, निदान तिच्यात एखादा सामाजिक प्रश्न तरी धुमसत असावा, अशी तिची अट असते. नायक चाळिशी ओलांडलेला, नायिका पंचविशीची, दोघेही लोभस आणि सारा मामला हसतखेळत लग्नापर्यंत जाणारा, अशी कादंबरी समोर आली की 'रंजनपर' हा शिक्का उमटतो आणि वाचन संपते. इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात मात्र 'एमा' (1815) अभिजात म्हणून शिकवली जाते. तिच्यातला नाइटली एमाहून सोळा वर्षांनी मोठा आहे, याने कुणाचे सोवळे मोडत नाही.

नागपूरला तरी ही फारकत शोभत नाही. कुसुमावती देशपांडे येथे इंग्रजी वाङ्मय शिकवीत आणि 'मराठी कादंबरी : पहिले शतक'ही त्यांनीच लिहिले. दोन वाङ्मयांना एकच मोजपट्टी लावण्याची ती सवय पुढे मोडली. नंतर भालचंद्र नेमाडे यांनी 'यमुनापर्यटन' (1857), 'मुक्तामाला' (1861) आणि 'मोचनगड' (1871) यांवरून तीन प्रवृत्ती सांगितल्या. ही मांडणी मर्मग्राही खरी, पण तिच्या अनुयायांनी तिचे फडताळ केले. वयातल्या अंतराची खेळकर प्रेमकथा त्यात बसत नाही. विवाहसंस्थेचा आशय तिला 'यमुनापर्यटन'कडून मिळतो, तर हाताळणी 'मुक्तामाले'च्या वळणाची असते. न बसणारी वस्तू फेकून देणे सोपे, फडताळ बदलणे अवघड.

यावरचा गंभीर आक्षेप असा की वयातले अंतर हे सत्तेचे अंतर असते. आक्षेप पोकळ नाही. ज्या समाजात 1891 साली संमतिवय दहावरून बारावर नेण्यासाठी रण माजले आणि मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा करणारा कायदा व्हायला 1929 साल उजाडले, तेथे जरठ वराच्या आठवणीने वाचक दचकणारच. परंतु त्या आठवणीचीही नीट तपासणी झालेली नाही. देवलांच्या 'शारदा' (1899) नाटकात भुजंगनाथाचे लग्न मोडते ते सगोत्रतेच्या कारणाने. शारदेच्या नकाराने नव्हे! मुलगी बापाने पैशासाठी विकायला काढली आहे, ती आक्रंदते आहे, प्रेक्षक कळवळतो आहे. पण कथानकाची कळ फिरते ती शास्त्राच्या हाताने. 'कुंकू' (1937) या चित्रपटात नीरेचा नकारच कथानक चालवतो. ही मोठीच झेप होती. तरी तिच्या सुटकेसाठी अखेर काकासाहेबांना आत्महत्या करावी लागते. एकीकडे गोत्र, दुसरीकडे मरण. बाईचे 'नाही' स्वबळावर कथेचा शेवट करू शकत नव्हते.

खेळकर कादंबरीची खरी कसोटी येथेच लागते. नायिका 'नाही' म्हणू शकते काय, आणि तसे म्हटल्यावर तिचे काही बिघडत नाही, अशी तिची स्थिती लेखकाने उभी केली आहे काय? एमा स्वतः श्रीमंत आहे, नाइटलीशी वाद घालते. आणि लग्नानंतर तोच तिच्या वडिलांच्या घरी राहायला येतो. चक्क घरजावई! त्या कादंबरीचे हसू या व्यवस्थेवर उभे आहे. उलट 2018 साली सुरू झालेली 'तुला पाहते रे' ही दूरचित्रवाणी मालिका पाहावी. वयातल्या अंतराची हळुवार कथा म्हणून ती निघाली आणि पुनर्जन्म व खून यांच्या आश्रयाला गेली. लोभस नायकाला खलनायक ठरविल्यावर अवघड प्रश्न आपोआप टळतो. खुनी नसलेल्या प्रौढ पुरुषावर प्रेम करणाऱ्या तरुणीचे काय, याचे उत्तर द्यावे लागत नाही.

'रंजनपर' म्हणून मोकळे होणारा समीक्षक यातला एकही भेद पाहत नाही. त्यामुळे चांगल्या कादंबरीवर अन्याय होतो हे उघड आहे. वाईट कादंबरीही निर्धास्तपणे निसटते, याकडे मात्र कुणी लक्ष देत नाही. पंखाखाली घेणारा, फी भरणारा, नोकरी देणारा आणि मग प्रेमात पडणारा नायक केवळ विनोदी बोलतो म्हणून लोभस ठरतो. त्याच्या विनोदावर हसणारी नायिका त्याच्यावर कधी हसते काय, एवढे जरी कुणी विचारले असते, तरी अशा कित्येक कादंबऱ्यांचा गोडवा पहिल्या पन्नास पानांतच उतरला असता.